माळावर वसलेली वाडी

पुण्याहून मिरजेकडे जाणारी रेल्वे कऱ्हाड सोडल्यावर शेणोली, भवानीनगर, ताकारी ही स्थानके मागे टाकत कृष्णाकाठच्या सपाट मुलखात उतरते आणि भिलवडीच्या अलीकडे किर्लोस्करवाडी नावाच्या स्थानकाशी पोहोचते. सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातली ही वस्ती आकाराने लहान आहे. तिच्या एका अंगाला कुंडल आणि त्याचे डोंगर आहेत, दुसऱ्या अंगाला पलूस, रामानंदनगर, बुर्ली ही गावे आहेत आणि थोडे पुढे गेले की कृष्णेचे पात्र लागते. १९१० पूर्वी या जागी गाव नव्हते. स्थानक होते, पण त्याचे नाव कुंडल रोड होते, आणि त्याच्याभोवती निवडुंगाने भरलेला, सापांसाठी प्रसिद्ध असलेला, कोणी कसायला न घेतलेला माळ पसरलेला होता.

किर्लोस्कर हे नाव ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. कोणाला ते नांगरामुळे माहीत असते, कोणाला विहिरीवरच्या इंजिनामुळे, कोणाला मासिकांमुळे. मात्र ज्या वस्तीत या सगळ्या गोष्टी प्रथम घडल्या, त्या वस्तीबद्दल वस्ती म्हणून फारसे लिहिले जात नाही. उद्योगसमूहाचा इतिहास सांगताना वाडीचा उल्लेख एका प्रकरणापुरता येतो आणि पुढे कथानक पुण्याकडे, बंगळूरकडे निघून जाते. माझे आजोळ याच पट्ट्यातले असल्यामुळे असेल, पण मला नेहमी वाटत आले आहे की नांगर आणि पंप यांच्याइतकीच, किंबहुना त्यांच्याहून अधिक विचार करण्याजोगी निर्मिती म्हणजे ही वाडी स्वतः होय. कोणतेही मोठे शहर जवळ नसताना, केवळ एक रेल्वे स्थानक आणि एका लहान संस्थानाच्या राजाचा विश्वास यांच्या आधारावर, येथे कारखाना, राहती घरे आणि छापखाना एकाच आवारात उभे राहिले आणि काही दशके मराठी समाजाच्या विचारांवर या माळावरून परिणाम होत राहिला.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, परंतु रंग ओळखण्यात दृष्टीचा दोष आड आला आणि ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. तेथे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आल्यावर त्यांनी नोकरी सोडली, बेळगावला येऊन बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान चालवले आणि त्यातूनच कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनवण्याचा उद्योग सुरू केला. तो मूळ धरू लागला असतानाच बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी ती जागा हवी असल्याने कारखाना हलवण्याची नोटीस दिली. यंत्रे, कच्चा माल आणि कामगार हाताशी असताना पाय ठेवायला जमीन नाही, अशी त्यांची अवस्था झाली.

या वेळी औंध संस्थानाचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजे लोकांचे बाळासाहेब, पुढे आले. ते १९०९ साली गादीवर बसले होते. औंध हे अवघ्या ७२ गावांचे संस्थान होते आणि तीही सलग नव्हती. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापुराकडचे गुणदाळ असे त्याचे तुकडे ब्रिटिश मुलखात आणि इतर संस्थानांत विखुरलेले होते. एवढ्या लहान राज्याच्या राजाने आपल्या हद्दीतली ३२ एकर जमीन कारखान्यासाठी दिली आणि बिनव्याजी कर्जही दिले. चित्रकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि पुढे १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेच्या हाती कारभार सोपवणारे राजे म्हणून बाळासाहेबांचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे, परंतु कुंडल रोडच्या माळाचे दान मला त्या सगळ्याच्या बरोबरीचे वाटते. जमीन निकस होती, पण ती रेल्वेला लागून होती. लोखंड आणि कोळसा आत येण्यासाठी व नांगर बाहेर जाण्यासाठी तेवढेच पुरेसे होते.

सुमारे २५ कामगार आपापली कुटुंबे घेऊन या माळावर आले, तेव्हा येथे सावलीसुद्धा नव्हती. निवडुंग तोडणे, साप मारणे, विहीर आणि रस्ते खणणे, छपरे उभारणे आणि त्याच वेळी यंत्रे बसवून माल बाहेर काढणे ही सारी कामे एकाच हातांनी करायची होती. आपण औद्योगिक वसाहत म्हटले की आधी आराखडा, मग बांधकाम आणि शेवटी वस्ती असा क्रम डोळ्यांसमोर आणतो. येथे माणसे आधी आली आणि गाव त्यांच्याभोवती वाढले. जमशेदपूरची उभारणीही याच काळात चालू होती, पण तिच्यामागे टाटांचे भांडवल आणि परदेशी तज्ज्ञ होते. कुंडल रोडला भांडवल बेताचे होते आणि तज्ज्ञ म्हणजे लक्ष्मणरावांनी स्वतः पारखून घेतलेली माणसे होती.

त्या माणसांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण वाडीचा स्वभाव त्यांनी घडवला. रामूअण्णांनी वस्तीची व्यवस्था आणि देखभाल सांभाळली. शंभोअण्णा जांभेकर यांनी यंत्रांपासून पाण्यापर्यंत पडेल ते काम अंगावर घेतले. मंगेशराव रेगे यांनी हिशेब पाहिले. अनंतराव फळणीकर यांचे शिक्षण शाळेतच सुटले होते, पण यंत्र पाहून ते मनात उलगडण्याची त्यांची बुद्धी अशी होती की ते येथे नावाजलेले अभियंते झाले. यांपैकी कोणाचीही निवड आजच्या नोकरीच्या जाहिरातीतल्या अटींवर टिकली नसती. लक्ष्मणरावांना पदवीपेक्षा हाताची आणि वृत्तीची पारख होती, आणि स्वतः पदवीवाचून यंत्रज्ञ झालेल्या माणसाला ती असणे साहजिक होते. राखणीच्या कामासाठी तर त्यांनी दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेली माणसे नेमली. तुकाराम आणि पिऱ्या ही त्यांपैकी दोघांची नावे वाडीच्या इतिहासात राहिली आहेत. ज्या काळात इंग्रजी कायदा काही जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवत होता, त्या काळात वस्तीच्या किल्ल्या अशा हातांत देणे ही नुसती उदारता नव्हती. त्यामागे माणूस परिस्थितीने बिघडतो आणि विश्वासाने सावरतो हा ठाम विचार होता, आणि तो विचार पणाला लावायला लक्ष्मणरावांनी स्वतःचाच कारखाना वापरला. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हा त्यांचा दंडकही याच विचारातून आला होता.

नांगराला शेतकऱ्याच्या घरात प्रवेश मिळणे मात्र सोपे नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज तेव्हा गावोगाव होता. लाकडी नांगराला लोखंडी फाळ चालत असे, पण सबंध लोखंडाचा नांगर जमिनीत घालायला लोक तयार नव्हते. इंग्लंडहून येणारे नांगर महाग होते आणि त्यांचा सुटा भाग मोडला की सारा नांगर अडून राहत असे. किर्लोस्करांनी आपल्या मातीचा, आपल्या बैलांच्या ताकदीचा विचार करून नांगर घडवले आणि सुटे भाग मिळण्याची सोय केली. हळूहळू शेजारच्या रानातली नांगरट पाहून शेतकऱ्यांचा विश्वास बसला, कारण हरळी आणि कुंदा यांनी धरलेली काळी जमीन या नांगराने खोलवर उलथली जाते, हे सांगण्याची नव्हे तर बांधावर उभे राहून पाहण्याची गोष्ट होती. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड, कोळसा, रंग यांची आवक आटली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावर निकामी पडलेल्या जुन्या तोफा नांगरांसाठी वितळवायला दिल्या. तोफेचे लोखंड फौंड्रीच्या भट्टीतून शेतात गेले ही घटना कोणाही कवीला मोहात पाडील अशी आहे, परंतु मला तिच्यातला व्यवहार अधिक महत्त्वाचा वाटतो. लोखंडाअभावी भट्टी थांबली असती तर नुकतीच बसलेली वस्ती उठून गेली असती.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याची उत्पादने आणि बातम्या ग्राहकांपर्यंत नेणारे पत्रक, एवढेच त्याचे सुरुवातीचे प्रयोजन होते. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर चित्रकार होते, वाचक होते आणि त्यांना माणसांशी बोलायची हौस होती. त्यामुळे नांगराच्या किमतींच्या शेजारी शेतीचे, आरोग्याचे, प्रवासाचे, उद्योगधंद्याचे लेख येऊ लागले, कथा आल्या, वाद आले, आणि काही वर्षांत ‘खबर’ हा शब्द गळून ते ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. त्यापाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये तरुणांसाठी ‘मनोहर’ ही मासिके निघाली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे, रूढींवर घाव घालणारे निबंध ‘किर्लोस्कर’मधून प्रसिद्ध झाले. ‘स्त्री’ने प्रौढविवाह, विधवांचे प्रश्न, स्त्रियांचे शिक्षण आणि अर्थार्जन या विषयांवर स्त्रियांना स्वतः लिहिते केले. मुलांचे आवडते लेखक ना. धों. ताम्हनकर हेही वाडीतच नोकरीला होते.

या ठिकाणी मला थोडे थांबावेसे वाटते. मराठी नियतकालिकांची केंद्रे म्हणजे पुणे आणि मुंबई, असे आपण गृहीत धरून चालतो. पण दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मध्यमवर्गीय मराठी घरांत ज्या मासिकांची वाट पाहिली जात असे, त्यांतली तीन अशा वस्तीतून निघत होती जिथे संध्याकाळी दिवे लागल्यावर आवाराबाहेर काळोख आणि उसाची शेते एवढेच होते. लेखक पोस्टाने मजकूर पाठवत, खिळे जुळवणारे आणि छापणारे कामगार वाडीतच राहत, आणि तयार अंकांची पुडकी रेल्वेने गावोगाव जात. नांगरासाठी उभारलेली विक्रेत्यांची आणि ग्राहकांची साखळी मासिकांना वर्गणीदार मिळवून द्यायला उपयोगी पडली, तर मासिकांमुळे नांगर-पंपांचे नाव अशा घरांत पोहोचले ज्यांचा शेतीशी संबंध उरला नव्हता. आजोळच्या घरी माळ्यावर सुतळीने बांधलेले ‘स्त्री’चे जुने गठ्ठे होते. आजीचे शालेय शिक्षण थोडेच झालेले होते, पण तिच्या बोलण्यात येणारी पुष्कळशी मते त्या गठ्ठ्यांतून आलेली होती, हे मला ते अंक पुढे स्वतः वाचल्यावर कळले. वाडी आजोळापासून जवळ होती म्हणून ते अंक घरात आले असे मात्र नव्हे. तेच अंक विदर्भात, इंदूर-बडोद्यातही जात होते.

वाडीतले रोजचे जीवन कारखान्याच्या भोंग्यावर चालत असे. आसपासच्या गावांनाही भोंगा ऐकू जाई आणि रानात काम करणारी माणसे त्यावरून वेळ ओळखत. घरे कारखान्याची होती, रस्ते आणि पाणी कारखान्याचे होते, शाळा आणि दुकाने त्याच्याच व्यवस्थेत होती. स्वच्छतेचा आणि झाडे लावण्याचा आग्रह एवढा होता की निवडुंगाच्या जागी काही वर्षांत बागा उभ्या राहिल्या. या शिस्तीचे कौतुक पुष्कळांनी केले आहे आणि मीही करतो, तथापि तिची दुसरी बाजू पाहणे हे वाडीवर प्रेम करणाऱ्याचेच काम आहे. मालकाच्या चांगुलपणावर उभ्या असलेल्या गावात राहणारा माणूस सुखी असू शकतो, पण नोकरी आणि घर एकाच हाताकडून येत असल्यामुळे त्याला नाही म्हणणे अवघड होते. ग्रामपंचायतीच्या पारावर होणारी भांडणे, गटबाजी, निवडणुकीतली हारजीत यांना आपण नावे ठेवतो, परंतु गावाचा कारभार आपला आहे ही भावना त्यातूनही येते. वाडीतली पहिली पिढी लक्ष्मणरावांच्या सहवासात होती, तिला ही उणीव भासली नसावी. मालकाची ओळख समोरासमोर न राहता व्यवस्थापनाच्या पायऱ्यांतून होऊ लागल्यावर ती भासणे अटळ होते. भारतातल्या प्रत्येक कारखान्याच्या वसाहतीत हा प्रश्न कधी ना कधी उभा राहिला आहे.

भोवतालच्या मुलखाचा विचार केल्याशिवाय वाडी समजत नाही. शेजारचे कुंडल हे औंध संस्थानातलेच गाव १९४२ नंतरच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे मुख्य ठाणे बनले. जी. डी. बापू लाड आणि त्यांची तुफान सेना याच गावची. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे तुफान सेनेने लुटली, ती याच लोहमार्गावर. म्हणजे एकाच टापूत, काही मैलांच्या अंतरात, एकीकडे आधुनिक यंत्रांचा शिस्तबद्ध कारखाना चालू होता आणि दुसरीकडे परकी सत्ता झुगारून गावांनी आपली न्यायव्यवस्था उभारली होती. दोन्ही प्रयत्न वरकरणी वेगळे दिसतात, पण आपला कारभार आपल्या बळावर करता येतो, हे दोघांनाही सिद्ध करायचे होते आणि दोघांनाही औंधच्या राजाच्या सहानुभूतीचा आधार मिळाला. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांची आणि उद्योगांची जी जाळपोळ झाली, तिची झळ वाडीलाही बसली. जातिभेद मोडण्याचा प्रयत्न करणाऱ्या वस्तीला जातीच्या नावाने पेटलेल्या रागाला तोंड द्यावे लागले. या प्रसंगाबद्दल आमच्या भागात अजूनही लोक मोकळेपणाने बोलत नाहीत. बोलायला हवे असे मला वाटते, कारण जळणारे आणि जाळणारे दोघेही याच मातीतले होते आणि दोघांचीही नातवंडे आज एकाच शाळांमध्ये शिकतात.

तोवर उद्योगाचे केंद्र सरकू लागले होते. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून अभियांत्रिकी शिकून १९२६ साली परतले होते. १९४१ मध्ये हरिहरला यंत्रसाधनांचा कारखाना सुरू झाला आणि १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांचा व बंगळूरला विजेच्या मोटरींचा कारखाना निघाला. पुढे मासिकांचा संसारही पुण्याला गेला. १९५६ साली लक्ष्मणरावांचे निधन झाले. वाडीतून बाहेर गेलेल्या रोपांची मोठी झाडे झाली आणि वाडी मात्र आकाराने होती तेवढीच राहिली. तिचे शहर झाले नाही याची काहींना खंत वाटते, मला वाटत नाही. आपल्याकडे गावाचे मोठेपण त्याच्या लोकसंख्येवरून आणि जमिनीच्या भावावरून मोजण्याची सवय जडली आहे, आणि वाडीकडे पाहिल्यावर ती मोजपट्टी अपुरी असल्याचे ध्यानात येते.

पंपांचे काम मात्र येथेच राहिले आणि वाढले. १९२६ च्या सुमारास वाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊ लागले. पाणी विहिरीतून मोटेने किंवा रहाटाने काढणाऱ्या शेतकऱ्याला आधी इंजिनावर आणि मग विजेवर चालणारा पंप मिळाला, तेव्हा बैलांच्या आणि माणसांच्या मानेवरचा भार उतरला आणि पिकांचा नकाशा बदलला. पलूस-तासगावच्या शिवारात आज द्राक्षबागा दिसतात, कृष्णाकाठी उसाचे फड दिसतात, ताकारीसारख्या उपसा योजनांचे पाणी चढावर जाताना दिसते. या बदलाचे सगळे श्रेय एका कारखान्याला देणे बरोबर नाही, पण खोल नांगरट आणि उपसलेले पाणी या दोन गोष्टींवाचून तो झाला नसता, आणि त्या दोन्ही गोष्टी या माळावर घडवल्या गेल्या. आज वाडीत घरगुती पंपांपेक्षा फार मोठे, सिंचन योजनांना आणि वीजनिर्मिती केंद्रांना लागणारे पंप बनतात. पाळी संपली की पलूस, कुंडल, बुर्ली, रामानंदनगरकडे जाणाऱ्या दुचाकींची रांग लागते. कामगार आता बहुतांशी आसपासच्या गावांतून येतात आणि त्यांच्यापैकी अनेकांची घरी शेतीही असते, त्यामुळे एकाच घरात कारखान्याचा पगार आणि द्राक्षाचे किंवा उसाचे उत्पन्न असा मेळ दिसतो.

वाडीचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला फार खटकते. किर्लोस्कर कुटुंबाविषयी आणि पहिल्या फळीतल्या सहकाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ज्या कामगार कुटुंबांनी १९१० मध्ये निवडुंग तोडून राहायला सुरुवात केली, त्यांच्यातल्या स्त्रियांनी त्या माळावर पहिल्या चुली कशा मांडल्या, पाणी कोठून आणले, आजारी मुलाला कोठे नेले, याबद्दल फारच थोडे लिहिलेले आढळते. फौंड्रीत साचे भरणारे, छापखान्यात खिळे जुळवणारे, अंकांची पुडकी बांधून स्थानकावर पोहोचवणारे हात कोणाचे होते, हेही आज सांगता येत नाही. त्यांची तिसरी-चौथी पिढी या भागात आहे. जुनी पगारपत्रके, वसाहतीतल्या घरांसमोर काढलेली छायाचित्रे, स्नेहसंमेलनांच्या आणि नाटकांच्या हस्तलिखित पत्रिका कोणाकोणाच्या ट्रंकेत अजून पडलेल्या असतील. ज्यांच्याकडे असे काही आहे त्यांनी ते जपून ठेवावे, छायाचित्रांच्या मागे माणसांची नावे आणि साल लिहावे, आणि घरातल्या वृद्धांना बसवून त्यांच्याकडून वाडीच्या आठवणी लिहून घ्याव्यात. पलूस-कुंडलच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी याहून जवळचा विषय मिळणार नाही, आणि ज्यांच्याकडून ऐकायचे ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत.